घरी न्यायची पुडी

काय दोस्तांनो, सहामाहीचे पेपर संपत आले का? काहींच्या अंगणात किल्ल्याची माती येऊन पडलीसुद्धा असेल. पेपर संपण्याआधी मातीत हात घातलात तर आई काय म्हणेल, ते मी सांगायला नको!

गेल्या आठवड्याच्या पत्रांत एक पोस्टकार्ड होतं. इतकं गच्च भरलेलं, की पत्त्याच्या जागेतही दोन ओळी घुसवलेल्या. ते माझ्यापर्यंत पोचलं ही पोस्टमनकाकांचीच कमाल. सातवीतल्या एका मुलीचं पत्र आहे. ती लिहिते, "मावशी, आमच्या गावच्या वाचनालयात मुलांसाठी एकच कपाट आहे. सुट्टीत मुलांसाठी हस्तकलेचं काहीतरी करू या, असं मी ग्रंथपालकाकांना म्हटलं. ते म्हणाले, बाळ, जागा नाही आणि पैसेही नाहीत. आता मी काय करू?"

बाळ, तुझे काका खोटं बोलत नाहीत. आपल्या राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याप्रमाणे सरकारमान्य वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेले असतात आणि त्या वर्गानुसार अनुदान मिळतं. खेड्यातलं छोटं वाचनालय बहुधा 'ड' वर्गात असतं. त्याच्या अनुदानात पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि दिव्याचं बिल भागवता भागवता काकांच्या नाकी नऊ येत असतील. तेव्हा त्यांच्यावर रुसू नकोस.

पण जागा नाही, ही अडचण आहे असं मला वाटत नाही. आमच्याकडेही जागा नव्हतीच. मी तालुक्याच्या गावी एका वाचनालयाच्या बालविभागात काम करते. बालविभाग म्हणजे काय, एक खोली, दोन बाकं आणि एक पंखा. तो पंखाही कधी फिरतो, कधी नुसता आवाज करतो. पूर्वी दर सुट्टीत आम्ही तिथे हस्तकलेचा वर्ग घ्यायचो, दुपारी चार ते पाच. बारा मुलं यायची. दरवर्षी बाराच, आणि तीच बारा! घर जवळ असलेली, आई सोडायला येऊ शकते अशी. बाकीची मुलं कुठे असायची? ती वाचनालयात यायची, नाही असं नाही. कुणी सकाळी अकराला आजोबांची कादंबरी बदलायला यायचं, कडेवर धाकट्या भावाला घेऊन. कुणी वाडीवरून फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी. आई भाजी घेईपर्यंत दहा मिनिटं आमच्या दारात उभं राहायचं, पुस्तकं बघायची आणि परत जायचं. चार वाजता यायला त्यांना कोण मोकळं सोडणार?

म्हणून म्हटलं, मुलांना इथे बोलावण्यापेक्षा वर्गच घरी पाठवावा. कागदाच्या पुडीत सगळं सामान बांधायचं, सोबत कसं करायचं त्याचा कागद घालायचा, आणि पुस्तक देतो तशी पुडी द्यायची. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा करील. रात्री नऊला करील नाहीतर गुरं राखताना करील.

ऐकायला किती सोपं, नाही का? आता आमची पहिली पुडी कशी फसली, ते सांगते. तुला हे आधी कळलेलं बरं.

२०२२ ची दिवाळी होती. दिवाळी म्हणजे आकाशकंदील, याबद्दल आमच्यात कुणाला शंकाच नव्हती. बाजारातून रंगीत पतंगी कागद आणला, बुरुडआळीतून बांबूच्या कामट्या आणल्या, मापं घेऊन कापल्या. चाळीस पुड्या बांधल्या. सूचनांच्या कागदावर सुबक अक्षरात लिहिलं, "घरचं साहित्य : कात्री, डिंक, दोरा, पट्टी." दोन दिवसांत चाळीसही पुड्या संपल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मंडळाच्या बैठकीत मी तो आकडा दोनदा वाचून दाखवला.

तुळशीचं लग्नही होऊन गेलं, आणि एक दिवस पाचवीतला एक मुलगा आला. हातात पुडी. आम्ही बांधली होती तश्शीच, आमचीच गाठ. त्याने ती टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बाई, हे परत. काय खराब नाय केलं."

"अरे, पण केला का नाहीस कंदील?"

तो खाली बघत म्हणाला, "कात्री नाय आमच्याकडं."

मला आधी काही बोलताच येईना. त्याला वाटलं, बाई रागावल्या. म्हणून त्याने आणखी सांगितलं, की शेजारी मागितली होती, पण त्यांनी मुलांच्या हातात द्यायला नको म्हटलं. डिंकाचं तर त्याने विचारलंच नव्हतं. वाचनालयाची वस्तू आहे, फाटली तर भरून द्यावी लागेल, म्हणून तीन आठवडे ती पुडी त्याने फळीवर जपून ठेवली होती.

मग मी बाकीच्या मुलांना हळूच विचारायला लागले. ज्यांचे कंदील झाले होते ती पटकन सांगत. ज्यांचे झाले नव्हते ती "करणार आहे, करणार आहे" म्हणत. दिवाळी होऊन पंधरवडा उलटला तरी "करणार आहे"! तेव्हा कळलं, की पुडी फुकट असली तरी माझ्या त्या एका ओळीने मी किती मुलांना दाराबाहेर ठेवलं होतं. आणि गंमत म्हणजे (खरं तर गंमत कसली!) त्या ओळीमुळेच पुडी स्वस्त पडली होती. कात्री, डिंक, पट्टी आम्हाला घ्यावं लागलं नाही, ते मुलांच्या घरावर टाकलं. त्याला काही काटकसर म्हणत नाहीत.

त्या दिवशी आम्ही पुडीचा कायदा केला. घरात पाणी असतं, भाताचं शीत असतं आणि मुलाला दोन हात असतात. याखेरीज घरात काहीही नाही, असं धरून चालायचं. जे लागेल ते पुडीतच हवं. नाहीतर ते लागणारच नाही, अशी वस्तू शोधायची.

कुणी म्हणेल, असं केलं तर खर्च वाढेल. वाढत नाही. मात्र डोकं जास्त खाजवावं लागतं. या बाबतीत मला अरविंद गुप्तांची फार आठवण येते. हे कानपूरच्या आय. आय. टी. तून शिकलेले इंजिनीअर. पुण्याला टेल्कोत नोकरीला होते. १९७८ साली त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत गेले. तिथे १९७२ पासून शाळांमधून प्रयोग करत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम चालू होता. प्रयोगशाळेचं सामान खेड्यात कुठून आणायचं? गुप्तांनी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेतली, म्हणजे हवा भरायच्या जागी असते ती बारीक रबरी नळी. तिचे तुकडे करून त्यांत आगकाड्या खोचल्या, आणि त्यांतून त्रिकोण, चौकोन, घनाकृती उभ्या केल्या. १९८७ मध्ये त्यांचं यावरचं पुस्तक निघालं. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला असंख्य मुलांना शिकवलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते हस्तकलेच्या सामानाच्या दुकानात गेले नाहीत, सायकलवाल्याकडे गेले. आपणही तेच करायचं. (आगकाड्या मात्र आम्ही पुडीत घातल्या नाहीत. गूळ खरवडून काढलेल्या काड्यांत एखादी राहून गेली तर? शिवाय घरात रांगतं बाळ असलं, तर रबराचा तुकडा त्याच्या तोंडात जायचा.)

आता दुसरी पुडी. ही २०२३ च्या मे महिन्यातली. आम्ही ठरवलं, की मुलांनी पुस्तक करायचं. खरंखुरं, आठ पानांचं, आणि एकाच कागदातून. यात कात्री नाही, डिंक नाही, सुई नाही. तूही आत्ता करून बघ, वहीचा मधला जोडकागद चालेल.

कागद आडवा ठेव. लांब कडा एकमेकींना लावून मधोमध घडी घाल, नखाने दाब आणि उघड. आता आखूड कडा एकमेकींना लावून घडी घाल. ती न उघडता बंद कड मोकळ्या कडांना लावून पुन्हा एक घडी घाल. सगळं उघडलंस की घड्यांचे आठ चौकोन दिसतील. आता पुन्हा आखूड कडा एकत्र आण, एकच घडी. बंद बाजू आपल्याकडे ठेव. मधोमध जी लांब रेष आहे ना, तिच्यावरून बंद बाजूकडून फाडायला सुरुवात कर आणि एक चौकोन संपला की थांब. पुढे जाऊ नकोस! फाडण्याआधी ती घडी दोन्ही बाजूंनी दोन-तीनदा उलटसुलट दाबायची आणि ओल्या बोटाने रेष किंचित भिजवायची. मग कात्रीसारखी नाही, पण बरीचशी सरळ फाटते. आता कागद पूर्ण उघड. मधोमध एक फट दिसेल. लांब कडा पुन्हा एकत्र आणून घडी घाल, दोन्ही टोकं हातांत धर आणि एकमेकांकडे ढकल. फट खिडकीसारखी उघडते, मग मिटत मिटत अधिकाच्या चिन्हासारखी होते. सगळी पानं एका अंगाला वळवलीस की झालं पुस्तक. एक मुखपृष्ठ, एक मलपृष्ठ आणि आत सहा पानं.

लिहायचं घड्या घातल्यावर, आधी नाही. नाहीतर अर्धी गोष्ट डोक्यावर उभी राहते.

पुस्तकाला जाड कव्हर हवं. त्यासाठी आम्ही पुठ्ठा विकत घेतला नाही. मे महिना, लग्नसराई! घरोघरी लग्नपत्रिकांचे ढीग पडलेले असतात. वाचनालयाच्या दारात एक खोकं ठेवलं आणि त्यावर लिहिलं, "लग्न लागलेल्या पत्रिका इथे टाका." आठ दिवसांत खोकं भरलं. काय एकेक कागद! सोनेरी, चकचकीत, पुठ्ठ्यासारखा जाड. एकच पंचाईत होती. प्रत्येक पत्रिकेवर गणपती. आमच्या शिपाईकाकांचं म्हणणं, गणपतीवर कातर चालवायची नाही. मग गणपती सोडून बाजूचा भाग कापायचा असं ठरलं. गणपती एका पाकिटात जमा केले. पुढे गणेशोत्सवात बालविभागात त्यांचं एक मोठं तोरण झालं.

फुकट मिळतं म्हणून सगळंच उपयोगाचं असतं असं मात्र समजू नका. आम्ही जुनी कॅलेंडरंही गोळा केली होती, मागची कोरी बाजू लिहायला होईल म्हणून. बघतो तर निम्मी कालनिर्णय! त्याच्या मागच्या बाजूला लेख, पाककृती, सगळा मजकूर छापलेला. कोरी जागा शोधूनही सापडत नाही. एक बाई तर ती चाळता चाळता पाककृती उतरवून घ्यायलाच बसल्या. बड्या तारखांची, दुकानांतून भेट मिळालेली कॅलेंडरं मात्र मागे कोरी असतात. ती घ्यावीत.

आता पैशाचं बोलू. ग्रंथपालकाकांसमोर जाताना हिशोबाचा कागद हातात असू दे, तोंडी सांगू नकोस. मंडळाने आम्हाला पाचशे रुपये मंजूर केले होते आणि साठ पुड्या करायच्या होत्या. पाचशे कागदांचं रीम आम्हाला तीनशेला पडलं, म्हणजे एक कागद साठ पैशांचा. पुडीत दोन कागद, म्हणून साठ पुड्यांना १२० कागद, ७२ रुपये. उरलेलं रीम वाचनालयाच्या कामाला गेलं, ते खर्चात धरलं नाही. पुस्तक मधोमध बांधायला दोरा : एक रीळ, २० रुपये. सूचनांच्या चार प्रती एकाच पानावर बसवल्या आणि मग पानाच्या झेरॉक्स काढल्या. १५ झेरॉक्स, दोन रुपयांप्रमाणे ३० रुपये. इथपर्यंत झाले १२२, म्हणजे पुडीला दोन रुपये. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, पण हिशोब याच रीतीने करायचा.

आणि मग रंग. बारा मेणखडूंची पेटी वीस रुपयांना. पुडीत तीन खडू घालायचे म्हणजे १८० खडू, १५ पेट्या, ३०० रुपये. सगळ्या सामानाहून जास्त! बैठकीत एक सभासद म्हणाले, "बाई, रंग गाळा. पुडी दोन रुपयांत होते. दोनशे मुलांना देता येईल." हिशोब बरोबर होता. पण मला फळीवर तीन आठवडे ठेवलेली ती पुडी दिसत होती. पेन्सिल बहुतेक शाळकरी मुलांच्या दप्तरात असतेच, म्हणून ती आम्ही गाळली. सूचनांवर स्पष्ट लिहिलं, "पेन्सिल नसेल तर टेबलापाशी मागून घे, परत करायची नाही." रंग मात्र गाळले नाहीत. रंग ज्यांच्याकडे नसतात, त्यांच्याकडे अजिबातच नसतात. एकूण ४२२ रुपये झाले, पुडीला साधारण सात. दोनशे मुलांना नाही देता आल्या, साठांनाच दिल्या. माझं चुकलं असं वाटत असेल तर जरूर लिहा.

मेणखडूंच्या बाबतीत एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. प्रत्येक पेटीत एक पांढरा खडू असतो. पंधरा पेट्यांत पंधरा पांढरे. पांढऱ्या कागदावर पांढरा खडू काय कामाचा? ज्याच्या पुडीत तो येईल तो बिचारा दोनच रंगांचा धनी. पुड्या बांधायला बसलेल्या मुलांपैकी नववीतल्या एकीने तोडगा काढला. पांढऱ्या खडूने दाबून चित्र काढायचं, काहीच दिसत नाही. मग वाटीभर पाण्यात चमचाभर हळद कालवून बोळ्याने कागदावर फिरवायची. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे कागद पिवळा होतो आणि चित्र पांढरं उमटतं. त्यातूनही हौस असेल तर वाळलेल्या पिवळ्या रंगावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकायचा. लाल डाग पडतो. (आमटीचा डाग धुताना आईच्या हातात तो लाल झालेला कधी पाहिलात का?) ज्या पुडीत पांढरा खडू, त्यात ही युक्ती चिठ्ठीवर लिहून घातली. परिणाम असा, की दुसऱ्या दिवसापासून मुलं टेबलाशी येऊन विचारायला लागली, "बाई, पांढरावाली पुडी आहे का?"

दोन कागद का घातले, असंही तुम्ही विचाराल. पुस्तक तर एकाच कागदाचं होतं. दुसरा चुकायचा. सूचनांच्या कागदावर अगदी वरती, ठळक अक्षरात आम्ही लिहिलं होतं : "एक कागद चुकण्यासाठी आहे. दोन्ही चुकले तर तिसरा मागायला ये. हे सामान तुझं आहे, परत करायचं नाही." एवढं वाक्य लिहायला आम्हाला एक अख्खी दिवाळी वाया घालवावी लागली.

सूचना लिहून झाल्या की त्यांची परीक्षा घ्यायची. परीक्षेचा नियम एकच, जमिनीवर बसायचं आणि पुस्तक पुरं होईपर्यंत उठायचं नाही. काही आणायला उठावं लागलं की पुडी नापास! परीक्षेला अशा माणसाला बसवायचं ज्याने ती वस्तू आधी पाहिलेली नाही. आम्ही शिपाईकाकांना बसवलं. चौथ्या पायरीला ते अडले. मी तिथे लिहिलं होतं, "वरीलप्रमाणे घडी घालावी." काका म्हणाले, "वर तर तीन घड्या आहेत, त्यांतली कुठली?" मग तो कागद मी नव्याने लिहिला. "घालावी", "करावी" काढून टाकलं आणि "घाल", "कर" लिहिलं. प्रत्येक पायरीला एक चित्र काढलं. अजून वाचता न येणारी धाकटी भावंडंही चित्रं बघून करू शकतात, आणि खरं सांगायचं तर मोठी मुलंही आधी चित्रंच बघतात.

पुडी म्हणजे वर्तमानपत्राची घडी घालून केलेलं पाकीट. २०१८ मध्ये राज्याने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातलीच आहे. स्टेपलरच्या पिना नकोत, बारक्या बोटांत घुसतात. दोऱ्याने बांधायचं आणि तोच दोरा पुढे पुस्तकाला वापरायचा. आणि काही झालं तरी पुडीत पीठ, कणीक, डाळ, तांदूळ घालायचे नाहीत. कल्पना चांगली वाटते, मैदा दिला की मुलं घरी खळ शिजवतील! पण पुड्या आठ-दहा दिवस वाचनालयात पडून राहतात. झुरळं आणि कसर यांना तेच हवं असतं, आणि पीठ संपलं की ती पुस्तकांच्या बांधणीकडे वळतात. बांधणीतही खळच असते ना! पूर्वी बाइंडर लोक म्हणूनच खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी, मुलांच्या हातात ते मुळीच द्यायचं नाही. घरी काही चिकटवायचं असेल तर ताटातलं भाताचं शीत पुरतं.

पुड्या वाटायच्या कशा? आम्ही फी ठेवली नाही. "निदान दहा रुपये घ्या, म्हणजे किंमत राहते," असं काहींचं म्हणणं होतं. किंमत राहते की नाही माहीत नाही, पण दहा रुपये मागायला घरी जावं लागणारं मूल परत येत नाही, हे मला माहीत आहे. पुस्तकासारखी कार्डावर नोंद करायची आणि द्यायची. सभासद नसलेल्या मुलाचं नाव वहीत लिहायचं, बस. आणि साठही पुड्या पहिल्या दिवशी बाहेर काढायच्या नाहीत. वीस पुड्या आम्ही कपाटात ठेवल्या, आठवडी बाजाराच्या दिवसासाठी. नाहीतर पुन्हा तीच जवळ राहणारी बारा मुलं आणि त्यांची भावंडं!

दिवस निवडायला तुला दोन चांगले मुहूर्त आहेत. १५ ऑक्टोबर, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ पासून आपल्याकडे तो वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. यंदा तो हुकला तरी १२ ऑगस्ट आहे. त्या दिवशी १८९२ साली डॉ. एस. आर. रंगनाथन जन्मले. ग्रंथालयाचे पाच नियम त्यांनी १९३१ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं, हा त्यातला दुसरा. त्या दिवशी देशभर ग्रंथपाल दिन असतो, तेव्हा काकांना नाही म्हणणं जरा जड जाईल!

आई-बाबांनो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. पुडी घरी आली की ती मुलाकडेच असू द्या. आमच्याकडे परत आलेल्या एका पुस्तकात पट्टीने आखलेल्या ओळी, वळणदार अक्षर आणि "तात्पर्य" होतं. मुलगी दुसरीत! तिला विचारलं, "यातलं तू काय केलंस?" ती म्हणाली, "मी शांत बसले."

परत आलेल्या, असं मी म्हटलं. कारण सूचनांच्या शेवटी आम्ही एक ओळ घातली होती : "तुझं पुस्तक वाचनालयात ठेवायचं असेल तर आणून दे." सक्ती नव्हती. साठांपैकी तेवीस पुस्तकं आली. शुद्धलेखन आम्ही तपासलं नाही. तीन पुस्तकं भुतांची, चार क्रिकेटची. एक नुसतंच कोंबड्यांच्या चित्रांचं होतं, अक्षर नाही.

आणि एक होतं "आमची शेळी". कंदिलाची पुडी परत आणणाऱ्या त्या मुलाचं. मुखपृष्ठ सोनेरी, आतल्या बाजूला "शुभविवाह" अशी अर्धवट अक्षरं. पहिल्या पानावर शेळी काळी आहे. दुसऱ्यावर ती पाला खाते. तिसऱ्यावर ती गणिताची वही खाते. चौथ्यावर गुरुजी विचारतात, वही कुठाय. पाचव्यावर मुलगा खरं सांगतो. सहाव्या पानावर एवढंच, "कुनीच इस्वास ठेवला नाही." मलपृष्ठावर लिहिलंय, "ही गोष्ट खरी आहे."

ही पुस्तकं दाखल नोंदवहीत चढवायची असं मी ठरवलं. वहीत रकाने असतात, लेखक, नाव, प्रकाशक, पृष्ठसंख्या, किंमत. लेखकाला टेबलापाशी बोलावलं. प्रकाशक कोण, विचारलं.

"म्हंजे कोण?"

"म्हणजे पुस्तक तयार करून लोकांपुढे आणतो तो."

त्याने जरा विचार केला. "मग मीच की."

तसं लिहिलं. पृष्ठे आठ. किमतीच्या रकान्यात काय लिहावं कळेना, तेव्हा शिपाईकाका म्हणाले, "सात रुपये लिहा. तेवढाच तर खर्च आलाय." मागच्या पानावर वाचनालयाचा शिक्का मारला, दाखल क्रमांक घातला आणि पुस्तक रॅकवर लावलं. इतकं बारीक, की दोन जाड पुस्तकांच्या मधे दिसतसुद्धा नव्हतं. मुलाने ते ओढून थोडं बाहेर काढून ठेवलं.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी वाडीवरच्या चौथीतल्या एका मुलीने ते कार्डावर नेलं. परतीची तारीख कधीच उलटून गेली. दोनदा निरोप पाठवला, तर उत्तर आलं, "धाकट्याला रोज वाचून दाखवते, झालं की देते." दंड लावायचा की नाही, यावर आमच्या मंडळात अजून एकमत नाही.